ट्रॅफर्डमधली इलेक्शन ड्यूटी

आईला इलेक्शनची ड्यूटी ‘लागायची’. ठेच लागते, ठसका लागतो, तशी ड्यूटी लागते. तुमची इच्छा कुणी विचारत नाही. ती सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. ऑर्डर आली की घरावर दोन दिवस सुतकी कळा यायची. मग प्रशिक्षण, साहित्यवाटप, एसटीने कुठल्यातरी वाडीवर जाणं, वर्गाच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपणं आणि दुसऱ्या रात्री मशिन जमा करायच्या रांगेत ताटकळणं. परत आली की पहिलं वाक्य ठरलेलं: “पाणी तापव.”

त्यामुळे इथे इंग्लंडात कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, निवडणुकीत पोल क्लार्क म्हणजे मतदान केंद्रावरचा कारकून म्हणून काम करायला मी अर्ज केलाय, असं फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, “स्वतः होऊन?”

“पैसे देतात अगं.”

“आम्हालाही भत्ता द्यायचे,” ती म्हणाली. त्या ‘भत्ता’ शब्दावर तिने जो जोर दिला तो लिहून दाखवता येणार नाही.

मँचेस्टरच्या नैर्ऋत्येला ट्रॅफर्ड नावाचा बरो, म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेला विभाग आहे, तिथे आम्ही राहतो. मराठी माणसाला हे नाव क्रिकेटमुळे ठाऊक असतं. २०१९ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये धोनी जिथे रनआउट झाला ते ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान याच बरोमध्ये येतं, आणि कौन्सिलचा टाउन हॉल त्या मैदानासमोरच आहे. मँचेस्टर युनायटेडचं फुटबॉलचं मैदानही हिशोबाने मँचेस्टर शहरात नाही, ट्रॅफर्डमध्येच आहे. हा बरो १ एप्रिल १९७४ ला जन्मला. मर्सी नदीच्या उत्तरेचं स्ट्रेटफर्ड आणि अर्मस्टन लँकेशायर काउंटीतून (काउंटी म्हणजे जिल्हा) घेतलं, दक्षिणेचं सेल आणि ऑल्ट्रिंचम चेशायरमधून. पन्नास वर्षं उलटली तरी दक्षिणेकडची मंडळी पत्त्यात चेशायर लिहायचं सोडत नाहीत. आपली भारतीय कुटुंबं इथे येतात ती बहुतेक शाळांसाठी. ट्रॅफर्डने ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा, टिकवल्या आहेत. अकराव्या वर्षी परीक्षा आणि त्याआधी दोन वर्षं क्लास, म्हणजे अगदी घरच्यासारखं वातावरण.

अशा मेट्रोपॉलिटन बरो इंग्लंडमध्ये ३६ आहेत. त्यांच्या वर पूर्वी काउंटी कौन्सिलं होती, ती १९८६ मध्ये मोडीत निघाली. त्यामुळे शाळा, रस्ते, कचरा, वृद्धांची काळजी, वाचनालयं असं सगळं एकाच कौन्सिलच्या गळ्यात आलं. ट्रॅफर्डमध्ये २१ वॉर्ड आणि प्रत्येकी तीन नगरसेवक, एकूण ६३. पण तिघे एकदम निवडून येत नाहीत. दरवर्षी मे महिन्यात एकेक जागा, अशी तीन वर्षं निवडणूक आणि चौथ्या वर्षी सुट्टी. ही सुट्टी म्हणजे जुन्या काउंटी कौन्सिलची आठवण. त्या कौन्सिलची निवडणूक चौथ्या वर्षी व्हायची. काउंटी कौन्सिल गेलं, भोक राहिलं.

हे सगळं मी पुण्यात राहणाऱ्या दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “दरवर्षी? आमच्याकडे तर होतच नाहीये.” खरं होतं ते. पुणे महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती आणि तेव्हापासून तिथे प्रशासक होता.

माझ्या अर्जाची आणखी एक गंमत होती. माझा पासपोर्ट भारतीय आहे. तरी मला इथे मत देता येतं, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा, कारण कायदेशीरपणे राहणारा राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे मतदार होऊ शकतो. नगरसेवक म्हणून उभंही राहता येतं. इंग्लंडमधल्या कितीतरी मराठी लोकांना हे माहीतच नसतं. दहा-दहा वर्षं राहूनही यादीत नाव घातलेलं नसतं. आणि ही गोष्ट २०२४ ची; त्याच उन्हाळ्यात भारतात लोकसभेची निवडणूक चालू होती. साताऱ्यात ७ मे ला मतदान होतं. परदेशातल्या भारतीय नागरिकाला तिथे नाव नोंदवता येतं खरं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं. म्हणजे जिथली मी नागरिक, तिथे मत द्यायला विमानाचं तिकीट, आणि जिथली नाही, तिथे चालत दहा मिनिटं.

चालत दहा मिनिटंसुद्धा नाही, कारण माझी नेमणूक दुसऱ्या वॉर्डात झाली. दिवसभर केंद्र सोडता येत नाही, म्हणून आधीच टपालाने मत मागवून घेतलं. मतपत्रिका एका पाकिटात, जन्मतारीख आणि सही असलेला कागद त्या पाकिटाच्या बाहेर, आणि दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात. सही टपाली मताच्या अर्जावरच्या सहीशी ताडून बघतात. मी तीनदा सरावाची सही केली, बँकेत करतात तशी.

वॉर्डाचं नाव सांगत नाही. केंद्रावर काम करणाऱ्याने गुप्तता मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असं प्रशिक्षणात बजावून सांगतात. मी फक्त कामाची पद्धत लिहितेय, त्याने काही मोडत नाही. तरी ते सहा महिने डोक्यात बसलेत ते बसलेत.

गुरुवार, २ मे २०२४. सकाळी सव्वासहाला मी एका चर्चच्या हॉलवर पोचले. आम्ही तिघं. आमच्या केंद्राध्यक्ष म्हणजे निवृत्त शिक्षिका. सत्तरीच्या, बारीक केस कापलेल्या, गळ्यात चष्म्याची साखळी. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण माझ्या मनात त्या पहिल्या पाच मिनिटांतच ‘बाई’ झाल्या, आणि हा लेख संपेपर्यंत बाईच राहतील. दुसरा क्लार्क विशीतला मुलगा, दिवसभर चिप्स खाणारा. बाईंनी गाडीतून मतपेटी, मतपत्रिका, याद्या, पाट्या, टेप आणि स्वतःची किटली काढली. पोलीस नाही, होमगार्ड नाही, शिपाई नाही. शाळेच्या गॅदरिंगची तयारी करावी तशी आम्ही मांडामांड केली: खुर्च्या, मतदानाचे आडोसे, व्हीलचेअरसाठी एक बुटका आडोसा, मोठ्या अक्षरातली नमुना मतपत्रिका, अंध मतदारासाठी मतपत्रिकेवर चिकटवायची उठावदार आकड्यांची पट्टी. एका कोपऱ्यात पडदा लावला आणि त्यामागे आरसा ठेवला. बुरखा किंवा नकाब घेणाऱ्या बाईला ओळख पटवायची तर तिथे, बाई कर्मचाऱ्यासमोर. ते काम माझ्याकडे आलं.

प्रत्येक आडोशात दोरीने बांधलेली एक पेन्सिल.

“पेन्सिल?” दोन दिवस आधी आई व्हिडिओ कॉलवर ओरडली होती. “खोडता येतं की!” हा प्रश्न इथल्या लोकांनाही पडतो. दिवसभरात चार-पाच जण तरी आमच्याकडे बघत खिशातून स्वतःचं पेन काढून गेले. चालतं ते. पेन्सिलचं कारण साधं आहे: शाई फासते, घडी घातली की पलीकडे उमटते, पेन सुकतं.

आणि खूण कसली, तर फुली. शिक्षिकेच्या पोटी जन्मलेल्या मला हे पचायला वेळ लागला. आमच्या घरी फुली म्हणजे चूक, लाल पेनने, जोरात. इथे जो हवा त्याच्यापुढे फुली मारायची. टिकमार्क केला आणि इरादा स्पष्ट असला तरी मत धरतात, पण सूचना फुलीचीच.

सातला दोन मिनिटं कमी असताना बाईंनी रिकामी पेटी उघडून आम्हाला दाखवली, दारात उभ्या असलेल्या पहिल्या मतदारालाही दाखवली, आणि सील लावलं. पहिला मतदार म्हणजे एक आजोबा आणि त्यांचा ओला कुत्रा. कुत्रे आत येतात, कुणी हरकत घेत नाही. दिवसभरात मी किती माणसं पाहिली ते विसरले, कुत्रे मात्र अकरा.

कामाची साखळी अशी. मतदार येतो, नाव-पत्ता सांगतो. मी फोटोचं ओळखपत्र बघते, यादीत नाव शोधते, त्याचा क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचते, पट्टी ठेवून नावावर रेघ मारते. शेजारचा मुलगा तो क्रमांक दुसऱ्या एका यादीवर मतपत्रिकेच्या क्रमांकासमोर लिहितो आणि मतपत्रिका देतो. इथे माझ्यातली मराठी बाई दचकली. म्हणजे कुणी कुठली मतपत्रिका घेतली हे कागदावर राहतं? राहतं. ती यादी रात्री सीलबंद होते आणि कोर्टाचा आदेश असल्याशिवाय उघडत नाही. म्हणे गैरप्रकार झाला तर शोधता यावा म्हणून. मी बाईंना विचारलं, लोकांना याची भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, बहुतेकांना माहीतच नाही, लव्ह. इथे सगळ्यांना लव्ह म्हणतात, बसड्रायव्हरही म्हणतो.

त्या दिवशी मतपत्रिका दोन होत्या. एक वॉर्डाच्या नगरसेवकाची, एक ग्रेटर मँचेस्टरच्या महापौराची. गोंधळ मात्र तिसऱ्याच कारणाने झाला. २०२३ मध्ये ट्रॅफर्डच्या वॉर्डांच्या सीमा नव्याने आखल्या होत्या, म्हणून त्या एका वर्षी तिन्ही जागांची निवडणूक एकदम झाली आणि प्रत्येकाला तीन मतं होती. वॉर्डात सगळ्यांत कमी मतांनी आलेला नगरसेवक एकाच वर्षात पुन्हा मतदारांपुढे. त्यामुळे दर थोड्या वेळाने कुणीतरी आडोशातून डोकं काढून विचारायचं, “गेल्या वेळी तीन होत्या ना फुल्या?” एक गृहस्थ तर आमच्याकडे अशा नजरेने बघत होते की त्यांची दोन मतं मीच टिफिनमध्ये लपवली आहेत. मला दादा आठवला. २०१७ मध्ये त्याच्या प्रभागात चार जागा होत्या आणि चार बटणं दाबून तो बाहेर आला तेव्हा तिसरं कुणाचं दाबलं ते त्याला आठवत नव्हतं.

आता ओळखपत्राचं. इंग्लंडात शतकभराहून जास्त काळ नुसतं नाव सांगून मत देता यायचं. २०२२ च्या कायद्याने फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं आणि २०२३ च्या मे महिन्यात ते पहिल्यांदा लागू झालं. आपल्याला यात विशेष काय वाटणार? आपण दूध आणायलाही आधार कार्ड नेतो. पण इथे मुळात राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. पासपोर्ट चालतो, राष्ट्रकुलातल्या देशाचा म्हणजे आपलाही, लायसन्स चालतं, मुदत संपलेलं असलं तरी फोटोवरून माणूस ओळखू आला म्हणजे झालं. म्हाताऱ्या माणसांचा बसपास चालतो. तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही. त्यावरही फोटो असतो, तरी नाही. हा भेद कुणाच्या सोयीचा यावर इथे पुष्कळ वाद झाला. माझं मत तुम्ही ओळखलं असेलच.

दुपारी एक मुलगी आली, अठरा-एकोणीसची. पहिल्यांदा मत देत होती, सोबत मैत्रीण फोटो काढायला बाहेर थांबलेली. तिच्याकडे कॉलेजचं कार्ड. नाही म्हणायचं काम माझं. तिचा चेहरा पडला, मग लाल झाला, मग ती “ठीक आहे” म्हणून निघून गेली. एका फॉर्मवर आम्ही नोंद केली: ओळखपत्राअभावी परत, एक. २०२३ मध्ये अशी निदान १४,००० माणसं देशभरात मत न देताच राहिली, केंद्रावर आलेल्यांपैकी ०.२५ टक्के. वाचताना हा आकडा किरकोळ वाटतो. समोर उभा असला की त्याला नाक-डोळे असतात.

(आम्ही केंद्रावर होतो त्याच दिवशी ऑक्सफर्डशायरमधल्या एका केंद्रावरून बोरिस जॉन्सनना ओळखपत्र नाही म्हणून परत पाठवलं. हा कायदा त्यांच्याच सरकारने आणलेला. नंतर ओळखपत्र घेऊन आले आणि मत दिलं. हे मला रात्री घरी आल्यावर कळलं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसले.)

टपाली मतांचा नवा नियमही त्याच दिवशी पहिल्यांदा लागू झाला होता. घरी आलेलं टपाली मत भरून केंद्रावर आणून देता येतं, पण आता त्यासाठी फॉर्म भरावा लागतो: कोण तुम्ही, कितीजणांची मतं, कुठल्या पक्षाचं काम करता का. स्वतःचं सोडून पाचच. एक बाई नवऱ्याचं पाकीट घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं त्याचे कपडे धुतेय, त्यावर कधी फॉर्म भरायला लावला नाही. भरला मग.

बाहेर फाटकाशी पक्षांचे कार्यकर्ते रंगीत फुलं छातीला लावून खुर्च्या टाकून बसले होते. मतदाराला क्रमांक विचारायचा, म्हणजे आपला कोण यायचा राहिलाय ते कळतं. सांगायची सक्ती नाही. मला वाटलं, यांच्यात आता जुंपणार. दुपारी बघते तर लाल फुलवाली निळ्या फुलवाल्याला सँडविचमधलं अर्धं देत होती. भोंगा नाही, रिक्षा नाही, झेंडा नाही. आई म्हणाली असती, ही निवडणूक आहे का वाचनालयाची सभा.

हाँगकाँगहून आलेली पुष्कळ कुटुंबं अलीकडे इकडे स्थायिक झाली आहेत. एक नवरा-बायको, दोन मुलं आणि बायकोची आई असे पाच जण आले. तिघा मतदारांनी ब्रिटनने हाँगकाँगच्या लोकांना दिलेले पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केले. बाकीचे लोक येता-जाता फुली मारून जात होते. हे आडोशात इतका वेळ थांबले की चिप्सवाला मुलगा माझ्याकडे बघायला लागला. आजींनी घडी घातली, पेटीत टाकली आणि पेटीवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. मग बाहेर जाऊन ‘मतदान केंद्र’ या पाटीखाली सगळ्यांचा फोटो.

आणि साडेतीनला आमच्या आजी आल्या. यादीत आडनाव बघूनच मला कळलं होतं. नऊवारी नाही, पण पँटवर कार्डिगन, कपाळावर टिकली आणि त्या बसपास काढायला जी कापडी पिशवी उघडत होत्या ती सांगलीच्या सराफाची. मी नाव वाचलं आणि उच्चार बरोबर आला. बस्स. आजींनी चष्मा वर केला.

“मराठी का गं तू?”

“हो, आजी.”

“मग सांग बाई, कुणाला देऊ?”

बाई ताबडतोब मान वळवून म्हणाल्या, त्या काय विचारताहेत? मी इंग्रजीत सांगितलं. बाईंचा चेहरा शाळेत कॉपी पकडल्यासारखा झाला. मी मराठीत म्हटलं, “आजी, ते मी नाही सांगायचं. कुणीच नाही सांगायचं. ही एक इकडची, ही एक महापौराची, प्रत्येकीवर एकच फुली.” परत इंग्रजीत भाषांतर, शब्दाला शब्द. आजी आडोशात गेल्या, आणि तिथून खणखणीत आवाजात त्यांनी एक शेरा मारला, जो मराठीत असल्यामुळे त्या हॉलमध्ये फक्त मला कळला. तो इथे लिहिणार नाही. सहा महिने.

बाकी दुपार रटाळ. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. बाईंनी चटणी चाखली, किटलीकडे धावल्या, आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा मागितली.

साडेपाच ते साडेसात मात्र लोंढा. ऑफिसातून, ट्रॅममधून थेट आलेले. एका बापाच्या कडेवरच्या पोरीने महापौराच्या मतपत्रिकेवर पेन्सिलीने सूर्य काढला. बापाने बिचाऱ्याने आणून दिली; आम्ही ती रद्द करून नवी दिली. ‘खराब’ मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवायची असते. पुढच्या रांगेच्या गडबडीत मी ती हाती लागली त्या पाकिटात सारली.

पावणेनऊच्या सुमाराला बाहेर अंधारायला लागलं तेव्हा दुपारची मुलगी परत आली, शिकाऊ लायसन्स घेऊन. मी नाव वाचलं, जरा जास्तच मोठ्याने. तिने मत दिलं. मैत्रीण आता सोबत नव्हती, मग पाटीखाली फोटो चिप्सवाल्या मुलाने काढला.

दहाला दार बंद. दहाच्या ठोक्याला कुणी रांगेत असेल तर त्याला मत देता येतं. आमच्याकडे कुणी नव्हतं. मग हिशोब. आलेल्या मतपत्रिका, उरलेल्या, दिलेल्या, खराब झालेल्या, सगळ्यांचा मेळ बसायला हवा. महापौराच्या मतपत्रिकांत एकीचा मेळ बसेना. बाईंनी पुन्हा मोजल्या. मुलाने मोजल्या. सव्वादहा. हॉल गार पडला होता, पाय बधिर झाले होते, आणि मला अचानक आई दिसली, कुठल्यातरी वाडीवरच्या शाळेत, कंदिलाशी पावतीपुस्तक धरून. मग तो सूर्य आठवला. तिसऱ्या पाकिटात सापडला.

बाई काहीच बोलल्या नाहीत. फॉर्मवर आकडा लिहिला, सही केली, पेटी उचलून गाडीत ठेवली आणि मतमोजणीच्या जागी निघून गेल्या. जाताना काच खाली करून विचारलं, ती चटणी कुठे मिळते.

साताऱ्यात ७ मे ला आईने मत दिलं आणि बोटाचा फोटो पाठवला. मी माझ्या तळहाताच्या कडेचा पाठवला असता, त्यावर २ तारखेला दिवसभर यादी घासून काळपट चट्टा पडला होता, पण तो कधीच धुवून गेला होता. निकालाबद्दल तिला मी एवढंच सांगितलं की महापौर म्हणून अँडी बर्नम तिसऱ्यांदा निवडून आले. तिने विचारलं, “पाय दुखतात का?”

२२ मे ला ऋषी सुनक पावसात भिजत उभे राहिले आणि पार्लमेंटची निवडणूक ४ जुलैला होईल असं त्यांनी जाहीर केलं. थोड्याच दिवसांत मला मेल आली: आपण उपलब्ध आहात का? जुलैच्या त्या आठवड्यात आम्ही सुट्टीला जायचं ठरवत होतो. मी आईला फोन केला.

“बघ,” ती म्हणाली. “लागली.”